उजव्या ट्यूबमध्ये पाणी, डावी बंद: आयव्हीएफआधी ट्यूब काढावी का?

नमस्कार. वय 33, तीन वर्षं बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी नियमित, एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) चांगलं, नवऱ्याचा रिपोर्टही नॉर्मल. गेल्या महिन्यात पाळीच्या नवव्या दिवशी एचएसजी (गर्भाशयात औषध सोडून काढतात तो गर्भनलिकांचा, म्हणजे ट्यूबचा, एक्स-रे) झाली. टेबलावरून स्क्रीन दिसत होता. गर्भाशयाचा त्रिकोण भरला, उजवीकडे बारीक रेघ निघाली आणि टोकाशी फुग्यासारखी फुगली. औषध बाहेर सांडलंच नाही. डावीकडे तर रेघच उमटली नाही.

डॉक्टर म्हणतात, उजवीकडे हायड्रोसाल्पिंक्स आहे, म्हणजे बंद ट्यूबमध्ये पाणी साठलंय. साठलेलं पाणी गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफमध्ये शरीराबाहेर तयार केलेला गर्भ रुजण्याची शक्यता बरीच कमी होते, म्हणून आधी दुर्बिणीतून ती ट्यूब काढायची. कारण पटतं, पण एकदा काढली की काढलीच, इथे येऊन मन अडतं. आईला अजून सांगितलेलं नाही.

ट्यूबचं तोंड उघडून भागणार नाही का? डावी खरंच बंद असेल का? आणि ट्यूब काढल्यावर ओव्हरीचं काय? ज्या यातून गेल्या आहेत त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद:
ताई, आधी डावीचं. एचएसजीच्या वेळी कळ आली की ट्यूब गर्भाशयापाशी आवळली जाते आणि उघडी असूनही बंद दिसते. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे त्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, निळं औषध सोडून खात्री करता येते, आणि अडथळा सुरुवातीलाच असेल तर बारीक तार घालून कधी कधी तो मोकळाही होतो. उजवीसाठी भूल देणारच आहेत, तर डावी त्याच वेळी बघायला सांगा.

फुगलेल्या ट्यूबचं तोंड उघडतात, माझं उघडलं होतं. पण आतली लव, जी बीज पुढे सरकवते, ती खराब झाली असेल तर पुन्हा पूर्ववत होत नाही. मला दिवस राहिले ते ट्यूबमध्येच. रात्री पोटात कळ उठली आणि तातडीने ऑपरेशन करावं लागलं. म्हणून सांगते, ट्यूब फार खराब असेल तर ती वाचवण्याचा हट्ट नको.

ओव्हरीचा काही रक्तपुरवठा ट्यूबच्या कडेनेच जातो. त्यामुळे ट्यूबला अगदी लागून कापणारा अनुभवी सर्जन हवा. आत फार चिकटलेलं असेल तर ट्यूब न काढता गर्भाशयाजवळ क्लिप लावून पाणी अडवता येतं, तेही विचारा. आणि ट्यूब टीबीमुळेही खराब होतात, म्हणून गर्भाशयाच्या अस्तराची टीबीची तपासणी झाली नसेल तर ती आधी.

आयव्हीएफला ट्यूब लागतच नाही. 1978 साली जन्मलेल्या पहिल्या आयव्हीएफ बाळाच्या आईच्याही ट्यूब बंदच होत्या.

धागाकर्ती:
टीबीची तपासणी कुणी सुचवलीच नव्हती. सोमवारी तिचं, निळ्या औषधाचं आणि क्लिपचं विचारते. आणि आज आईला फोन करते.