मदत हवी आहे : कॉम्पॅक्ट सेडान घ्यावी की मिडसाइज?

पांदणकाठ
नमस्कार मंडळी. कॉम्पॅक्ट सेडान (चार मीटरच्या आतली लहान) घ्यावी की मिडसाइज (त्याहून लांब), एवढंच सांगा. दोन महिने व्हिडिओ पाहून डोकं भणाणलं आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, एकदाच घ्यायची तर मोठीच घे. घरून मत असं की लहान घ्या, उरलेल्या पैशात बोअरवेल होईल. दसऱ्याला गाडी दारात हवी आहे आणि शोरूमवाल्याचा रोज सकाळी फोन येतो. बाकी चर्चा नको, दोन्हींतली एक सांगा. धन्यवाद.

मास्तर_दिग्रस
बजेट किती? पेट्रोल की सीएनजी? महिन्याचं रनिंग? घरात माणसं किती? यातलं काहीच लिहिलं नाही, मग सांगायचं कशाच्या आधारावर?

संत्रा_नगरी
मोठी घ्या, विचारच करू नका. मी दोन वर्षं फोक्सवॅगनची व्हर्टस एक लिटर टर्बो चालवतो. ११५ हॉर्सपॉवर, १७८ न्यूटन मीटर टॉर्क. समृद्धी महामार्गावर १२० ला लावली की घरच्यांना झोप लागते, इतकी स्थिर. डिक्की ५२१ लिटरची. लहान गाड्यांत १.२ लिटरचं इंजिन ८२ ते ९० हॉर्सपॉवरचं, टॉर्क ११० ते ११४. मे महिन्यात पाच माणसं, फुल एसी आणि समोर ट्रक. ओव्हरटेक करताना जीव मुठीत येतो.

कास्तकार_आर्णी
भाऊ, सेडान कायले पायजे? आपल्या इकडे बोलेरो घ्या, दहा वर्षं पाहू नका. वावरात जाते, बियाणं आणते, लग्नाले बी जाते.

पांदणकाठ
सेडान हे ठरलेलं आहे. उंच गाडीत आईला मळमळतं, पन्नास किलोमीटरमध्ये दोनदा थांबावं लागतं. मामांच्या गाडीत दरवेळी हेच झालं. म्हणून बोलेरो नको, जीप नको.
मास्तर, पेट्रोल. ऑन रोड १४ लाखांच्या वर नाही. पाच जण : आईबाबा, आम्ही दोघं, मुलगी नववीला. महिन्यातून एकदा सेवाग्राम, बाकी दारव्हा-यवतमाळ. आता सांगा.

मास्तर_दिग्रस
१४ लाखांत मिडसाइजची खालची मॉडेल्स बसतील. कॉम्पॅक्टची वरची घेऊनही पैसे उरतील. माझ्याकडे नवी डिझायर आहे. ॲव्हरेज उत्तम, सर्व्हिसिंग तालुक्याच्या गावी होतं. हा मुद्दा लहान समजू नका. गाडी बंद पडली तर मोठीचा पार्ट नागपूरहून येईपर्यंत तुम्ही एसटीनं फिराल.

संत्रा_नगरी
पार्टची भीती दहा वर्षांपूर्वीची आहे, मास्तर. मला आजवर एकदाही थांबावं लागलेलं नाही.

मास्तर_दिग्रस
तुम्ही नागपुरात राहता म्हणून.

हिशोबी_वाशीम
भावातला फरक कुठून येतो हे कोणीच लिहिलं नाही. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. दोन्हींतली एक जरी अट मोडली तरी ४० टक्के. व्हर्टसचं इंजिन एक लिटरचंच आहे, पण लांबी साडेचार मीटरच्या वर. म्हणून ४० टक्के. डिझायर ३९९५ मिलिमीटरवर थांबते ती याच कारणानं. त्यात महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के. म्हणजे मोठ्या गाडीला जे जादा मोजता, त्यातला बराचसा भाग सरकारला जातो. लोखंड आणि गादीसाठी तुम्ही त्या मानानं कमीच मोजता.

टोलमुक्त
फास्टॅगचा वार्षिक पास काढून ठेवा. २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३००० रुपये होते. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गावरच चालतो, समृद्धीवर नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे.

पांदणकाठ
भाऊ, मी पास विचारला नाही. गाडी विचारली.

कास्तकार_आर्णी
मोठी घ्या की लहान घ्या, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल हाय. ॲव्हरेज पडते ते पडतेच. माह्या जुन्या गाडीचं लिटरमागे दीड-दोन किलोमीटर कमी झालं.

हिशोबी_वाशीम
इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. पण ते दोन्ही गाड्यांना सारखंच. इथं त्यानं निवड बदलत नाही.

मिस्त्री_पुसद
मी गॅरेज चालवतो, बावीस वर्षं झाली. दादा, तुमच्या नावातच पांदण हाय अन् घराकडचा रस्ता कसा हाय तेच सांगतलं नाई. डांबर घरापर्यंत येते का?

पांदणकाठ
डांबरी रस्त्यापासून घर दीड किलोमीटर आत आहे. वावरातच घर बांधलं. पांदण काळ्या मातीची, ट्रॅक्टरची चाकोरी पडलेली. पावसाळ्यात मोटारसायकलही डांबरीजवळच ठेवतो. पण दिवाळीनंतर सुकते.

मिस्त्री_पुसद
मंग तुम्ही तर मुख्य गोष्टच ठेवून घेतली. सुकली म्हणजे अजून वाईट. ओल्यात चाक फसते, सुकल्यावर दोन चाकोऱ्यांच्या मधला वरंबा दगडावानी होते अन् सीधा चेंबरले, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीले, लागते. दिवाळीपासून होळीपर्यंत माह्याकडे चेंबर फुटलेल्या गाड्या येऊन राहतात. ऑइल गेलं अन् मालकानं लाल दिवा नाई पाहिला, तर इंजिनच बसलं.

जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचा कंपनी आकडा देते तो रिकाम्या गाडीचा. लहान गाड्यांत डिझायर १६३ मिलिमीटर, टिगोर १७०, अमेझ १७२; मोठ्यांत सिटी १६५, व्हर्टस अन् स्लाविया १७९. मोठी म्हणजे उंच असं नाई हाय, हे पाहून घ्या. पाच माणसं अन् तुरीचं एक पोतं डिक्कीत टाकलं की मागून दीड-दोन इंच गेलेच.

संत्रा_नगरी
तुमच्याच आकड्यांनी व्हर्टस सगळ्यांत उंच ठरते. मग वाद कशाचा?

मिस्त्री_पुसद
ब्रेकरचा. व्हर्टसच्या पुढच्या अन् मागच्या चाकांत २६५१ मिलिमीटर अंतर, डिझायरमध्ये २४५०. चाकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकं पोट ब्रेकरच्या शेंड्यावर टेकते. बैलबंडी दोन चाकांवर डुलून निघून जाते, तिचं कधी पोट घासलं का? आपल्या गावोगावचे ब्रेकर कोणत्या मापानं बांधले ते तुम्हीच पाहा. १७९ मधला सात ते सोळा मिलिमीटरचा फायदा तिथंच खर्च होते.

दादा, असं करा. एक सरळ बांबू घ्या, मधल्या वरंब्यावर आडवा ठेवा. बांबूपासून चाकोरीच्या तळापर्यंत टेप सोडा. जिथं जिथं वरंबा मोठा दिसते तिथं तिथं मोजा. मंग बोलू.

ऋतुजा_कारंजा
एक विचारू का? दर महिन्याला सेवाग्रामला कोण जातं आणि कशासाठी?

पांदणकाठ
बाबा. जूनमध्ये दोन्ही टोंगळे (गुडघे) ऑपरेशन करून बदलले, तपासणीला न्यावं लागतं. त्याचा गाडीशी काय संबंध, ताई?

ऋतुजा_कारंजा
सगळा संबंध तिथंच आहे, दादा. माझ्या आईचं तीन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही, सोफ्यावर बसायचं नाही, खुर्चीवरही उशी ठेवून बसा असं सांगितलं होतं. आम्ही गाडी घेतली ती डिक्की आणि टचस्क्रीन बघून. घरी आणल्यावर कळलं की सीट इतकी खोल की आईचा टोंगळा कमरेच्या वर जातो. उतरताना दोन्ही हातांनी दाराची चौकट धरायची आणि डोळ्यांत पाणी. वर्षभरात गाडी बदलावी लागली.

शोरूमला बाबांना घेऊन जा. टेस्ट ड्राइव्ह नंतर, आधी बसून उतरून पाहा, तेही तीनदा. पुढची सीट पूर्ण मागे सारायची, पाठ थोडी कलती करायची. बाबांनी आधी पाठमोरं होऊन टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सीट खोल वाटली तर गोधडीची कडक घडी खाली ठेवून पाहा. तरी जमलं नाही तर ती गाडी कितीही आवडू द्या, सोडा.

मास्तर_दिग्रस
ताईंचं बरोबर आहे. आणि पांदणीचं म्हणाल तर ग्रामपंचायतीत शेत पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेची चौकशी करा. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आली होती, रोजगार हमीशी जोडलेली. आमच्या शेजारच्या गावात त्यातून खडीकरण झालं. वेळ लागतो, पण होतं.

संत्रा_नगरी
मी अजूनही म्हणेन मोठी घ्या. सुरक्षित आहे.

हिशोबी_वाशीम
नवी डिझायरही ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे घेऊन आली आहे. सुरक्षिततेचा मुद्दा आता लांबीवर राहिलेला नाही. समृद्धीवर जाणार असाल तर सकाळी टायर थंड असताना हवा तपासा, उन्हाळ्यात तर नक्कीच. टायर फुटण्यात कमी हवेचा वाटा मोठा असतो.

पांदणकाठ
आठ दिवसांनी लिहितो आहे. आधी नीट लिहिलं नाही, माफ करा.

पांदण मोजली. मुलीनं बांबू धरला, मी टेप. नऊ ठिकाणी मोजलं. बहुतेक जागी चार-साडेचार इंच निघालं. पण नाल्याजवळ, बाभळीपासून पुढे पन्नास पावलं, सरळ सात इंच. मिस्त्री, १७९ मिलिमीटर म्हणजेही सातच इंच आणि तीही रिकामी गाडी. म्हणजे तिथून यातली एकही गाडी निघत नाही. मी दोन महिने कोणती गाडी विचारत होतो आणि अडत होतं ते पन्नास पावलांवर.

परवा बाबांना घेऊन यवतमाळला गेलो. मोठ्यांतल्या दोन आणि लहानांतल्या दोन गाड्यांत बसवलं. मोठ्यांपैकी एकीत बसले छान, पण उतरता येईना, सेल्समननं हात दिला तेव्हा उठले. दुसरीत गोधडी ठेवून जमलं, पण डोकं छताला लागत होतं. अमेझमध्ये ताईंनी सांगितलं तसं पाठमोरं टेकले, पाय आत घेतले आणि तिसऱ्या वेळी माझा हात बाजूला सारून स्वतः उतरले. मग म्हणाले, "हीच घे, आता घरी चाल."

मिस्त्री_पुसद
अन् नाल्याजवळचं?

पांदणकाठ
दोन ट्रॉली मुरूम सांगितला आहे. मोठी गाडी न घेतल्यानं उरलेल्या पैशातून. बोअर पुढच्या वर्षी. मुरूम चाकोरीत टाकायचा की वरंबा खोरून काढायचा?

मिस्त्री_पुसद
दोन्ही. पयले वरंबा ओला असतानाच खोरा, सुकल्यावर कुदळ लागत नाई. ती माती चाकोरीत, वरून मुरूम, अन् ट्रॅक्टर पाच-सात वेळा फिरवा. पाण्याले नाल्याकडे उतार द्या, नाई तर पुढच्या मिरगात सगळं वाहून जाईन. अन् तोवर निघताना एक चाक वरंब्यावर, एक कडेच्या गवतावर ठेवून हळू काढा, चाकोरीत उतरूच नका.

ऋतुजा_कारंजा
बाबांना नमस्कार सांगा. गोधडी गाडीत असू द्या, सेवाग्रामहून परतताना लागते.

पांदणकाठ
सांगतो, ताई. आज सकाळी बुकिंग केलं. मुरमाची पहिली ट्रॉली उद्या येते.