मदत हवी आहे : गढीसाठी चुन्याचं काम जाणणारा गवंडी
नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या गढीत पोरांसाठी अभ्यासिका करायचं भावकीनं ठरवलंय. खाली घडीव काळा दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत. मागं कुणीतरी बुरुजाला सिमेंटचा गिलावा दिला. ओल आतच कोंडली आणि आता गिलावा मातीसकट सुटतोय. हात लावला की ओंजळभर भुगा पडतो, बघवत नाही. सिमेंट काढून दगडांच्या दरजा (सांधे) चुना-सुरखीनं, म्हणजे चुना आणि विटांच्या पुडीनं, भरायच्यात. दगडी चाकाच्या घाणीत मळलेला चुना वापरणारा गवंडी सातारा-वाईकडं कुणाच्या माहितीत आहे का? शिवाय बुरुजात पिंपळ रुजलाय. उपटला तर दगड सुटतील, म्हणून नुसता छाटलाय. मुळं कशी मारायची? देवडीत (दरवाजालगतच्या पहाऱ्याच्या खोलीत) भिंत न फोडता वायरिंग होईल का? पावसाळ्याआधी काम धरायचंय, कृपया सांगा.