पुन्हा लिहावंसं वाटतंय, पण सगळं ऑफिसच्या मेलसारखं उतरतं

रेघी_वही:
नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितेय, वाचा प्लीज. शाळेत असताना मी भरपूर लिहायचे. आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं, ज्यांचं अक्षर चांगलं त्यांच्याकडून बाई सगळं कार्डशीटवर उतरवून घ्यायच्या, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ करायचे, आणि त्यात माझी गोष्ट नाही असं एकही वर्ष गेलं नाही. निबंधात आत्मवृत्त आलं की मी खूश, फाटकी छत्री, पडका वाडा, एसटी स्टँडवरचा बाक, काहीही द्या. दहावीनंतर सायन्स, मग इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, मुलगी, यात लिहिणं कधी सुटलं ते कळलंच नाही.

परवा मुलीला शाळेतून 'जुन्या विहिरीचे मनोगत' लिहून आणायला सांगितलं होतं. ती म्हणाली आई तू सांग, मी लिहिते, आणि मी जी बोलत सुटले... दुष्काळात माझ्या तळापर्यंत पोरं उतरायची, गावात नळ आले आणि बायका यायच्या बंद झाल्या, कुणाचातरी पोहरा अजून माझ्यातच पडलाय वगैरे वगैरे. ती म्हणाली अगं थांब, दोनच पानं लिहायचीत! मला त्या रात्री झोप लागेना इतकं छान वाटत होतं.

तर मला परत लिहायचंय, स्वतःसाठी. पण लॅपटॉप उघडला की सूर मेलचाच लागतो. एक वाक्य लिहिलं की लगेच मागे जाऊन दुरुस्त करते, तासाभराने चार ओळी असतात आणि त्याही नकोशा वाटतात. वय ४३. चाळिशीनंतर कुणी परत सुरू केलंय का? कसं केलंत?

माळरान:
ताई, आधी तो लॅपटॉप बाजूला ठेवा. दिवसभर ज्यावर मेल लिहिता त्याच खुर्चीत त्याच कीबोर्डवर बसलं की बोटं मेलच लिहिणार. शंभर पानी वही घ्या आणि साधं बॉलपेन, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही, पान भरलं की उठायचं. एवढंच. सुरुवातीला कचरा निघतो, निघू द्या.

दुसरं म्हणजे विषय शोधत बसू नका, कान उघडे ठेवा. मी सांगली भागातला, नोकरीला रोज एसटीनं जातो, आणि ऐकलेलं एखादं वाक्य वहीत टिपून ठेवतो, जसं बोललं तसंच, शुद्ध करायचं नाही. २०२३ ला बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं ना, त्यानंतर एकदा पुढच्या सीटवरची म्हातारी शेजारणीला म्हणत होती, "तिकीट निम्मं झाल्यापास्नं लेकीकडं जाणं दुप्पट झालंय बघ." मी ते लिहून घेतलं आणि घरी येऊन त्यालाच प्रश्न विचारत बसलो. लेकीला आई आलेली आवडते का? जावई काय म्हणतो? पिशवीत काय नेते ती? लेक गरोदर आहे का तिथं काही बिनसलंय म्हणून ही सारखी जाते? बघता बघता रात्रीचे बारा वाजले, कथा पुरी झाली नाही पण असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. आपल्याकडं माणसं बोलतात किती भारी, आपण फक्त ऐकायचं सोडलंय.

गालगागा:
मी कवितेवाली, त्यामुळे माझा रस्ता जरा वेगळा आहे. मोकळं पान समोर आलं की मला काही सुचत नाही, वृत्त दिलं की सुचतं. लहानपणी मनाचे श्लोक म्हटलेत ना? ते भुजंगप्रयात वृत्त, लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघू, आखूड अक्षर, गा म्हणजे गुरू, लांब अक्षर), ओळीत बारा अक्षरं. म्हणजे ते वृत्त तुमच्या कानात आधीपासून आहे, नवीन काही शिकायचं नाहीये.

माझंही मधे सगळं सुटलं होतं. परत सुरू झालं ते एका ओळीने, 'मला आठवत नाही कधी थांबले मी'. मोठ्याने म्हणून बघा, 'ठवत' पाशी अडखळायला होतं, कारण ठ-व-त असे तीन लघू ओळीने आलेत आणि वृत्ताला तिथे लघूनंतर दोन गुरू हवेत. भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, सारखी तीच ओळ तोंडात. मग 'आठवत नाही'चं 'आठवे ना' झालं आणि बसली बरोब्बर:

मला आठवे ना कधी थांबले मी
वहीच्या तळाशी जुने नाव माझे

ती दुसरी ओळ मी ठरवून लिहिलेली नाही हो, लगागा लगागा करता करता आली, नुसतं विचार करून मला ती कधीच सुचली नसती. डोकं लघू-गुरू मोजण्यात गुंतलं की ते आतून सतत 'हे बरं आहे का, हे बरं आहे का' विचारत असतं ना ते गप्प बसतं. तुमचा जो मागे जाऊन दुरुस्त करण्याचा त्रास आहे त्यावर हे नक्की करून बघा. गझलेकडे वळावंसं वाटलं तर सुरेश भटांनी नवीन लिहिणाऱ्यांसाठी गझलेची बाराखडी लिहून ठेवलीय, रदीफ (शेवटी तोच तोच येणारा शब्द), काफिया (त्याआधीचं यमक) सगळं त्यात सोपं करून सांगितलंय.

पिंपळपान:
वरच्या दोघांशी सहमत, पण 'स्वतःसाठी' लिहिते म्हणताय तिथे माझं थोडं वेगळं मत आहे. वाचणारा एक तरी माणूस हवा आणि एक तारीख हवी, नाहीतर वही कपाटात जाते. १९०९ साली का. र. मित्रांनी मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे ही सोय आहेच की, बहुतेक अंक पावसाळ्यातच साहित्य मागवतात. माझी कथा साभार परत आली तेव्हा वाईट वाटलं, पण ती पाठवायची म्हणून मी शेवट जो परत परत लिहून काढला ना, ती मजा नुसतं वहीत लिहून आली नसती. अंक नको तर सोसायटीच्या गणपतीत वाचून दाखवा.

माळरान:
@पिंपळपान, दादा एवढ्यात नको हो. आत्ता कुठं त्यांना मजा यायला लागलीय, लगेच संपादक डोळ्यासमोर आणला तर परत चार ओळींवर येतील. वर्षभर जाऊ दे की. वाचायला एक माणूस हवा हे मात्र पटलं, लेक आहेच.

निवृत्त_बाई:
मी मराठीच शिकवायचे म्हणून लिहितेय. आधी वयाचं. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, लिहायला-वाचायला शिकवलं, जन्म १८६८चा, आणि स्मृतिचित्रे या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग आला १९३४ मध्ये. आता ४३चा हिशोब तुम्हीच करा.

दुसरं, तुम्ही विचारताय कसं सुरू करू, अगं बाई, तू विहिरीपाशी सुरू केलंयस की! (अगंतुगं केलं, रागावू नकोस.) आत्मवृत्त शाळकरी म्हणून सोडून देऊ नकोस. शाळेत आम्हीच त्याचा साचा केला, 'नमस्कार, मी एक छत्री बोलतेय'ने सुरुवात आणि शेवटी माणसाला उपदेश, कारण पेपर तपासायला सोपं जायचं. तो साचा टाक आणि वस्तू ठेव. वस्तूला उपदेश करू देऊ नकोस, तिला एखादी तक्रार असू दे, घरातलं एखादं गुपित माहीत असू दे. तुझा पोहरा आत पडलाय ना, तो कुणाचा ते विहिरीला माहीत आहे, आणि ती सांगत नाहीये. तिथे गोष्ट आहे. स्वयंपाकघरात जा, एक वस्तू उचल, आजच लिही.

रेघी_वही:
काय लिहू, इतकं मनापासून सांगितलंत सगळ्यांनी. बाई, अगंतुगंच करा, खूप बरं वाटलं. लॅपटॉप बंद ठेवला, मुलीची अर्धी कोरी वही घेतली आणि दळणाच्या डब्यावर लिहिलं. मधे खोडलं नाही. जसंच्या तसं टाकतेय:

"गिरणीत मला झाकणावरच्या नावाने ओळखतात. ते नाव आजोबांनी खिळ्याने कोरलंय, आजोबा गेले, नाव मीच सांभाळतो. ज्वारीवर गहू घालू नका म्हणून आजी गिरणीवाल्याशी भांडायची, सूनबाई भांडत नाही, मोबाइलवर बघत उभी असते. घरातली माणसं सहाची तीन झाली. मला आता अर्धाच भरतात, आणि उचललं की आतलं धान्य हलतं. पूर्वी हलायचं नाही."

मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली पुढे काय. पुढे काय ते मलाही माहीत नाही!! अंकाचं पुढच्या वर्षी बघू, पण वृत्ताचं मी करणार, आज रिक्षात लगागा लगागाच चाललं होतं.

निवृत्त_बाई:
शाब्बास. एकच सांगते, 'माणसं सहाची तीन झाली' हे वाक्य काढून टाक आणि परत वाच. धान्य हलतं यातच ते आलंय, डब्याला मोजता येत नाही पण हलणं कळतं. मोबाइलची ओळ ठेव, छान आहे. आता गिरणीवाल्याला बोलू दे, इतकी वर्षं हा डबा त्याच्या हातात येतोय, त्याला वजन कळलेलंच असणार. तो सूनबाईंना काय विचारतो ते लिही आणि इथे टाक.