नवा फोन: स्क्रीनवर एक ठिपका, मागे फट, कॅमेऱ्यात कटकट. वॉरंटीत द्यायचा की आहे तसा वापरायचा?

शहापूरकर

फोन ऑनलाइन मागवलेला, अ‍ॅमोलेड स्क्रीन, किंमत २२ हजारांच्या घरात. पाच दिवस झाले, बदलून मिळायची मुदत परवा संपते. फोन पडलेला नाही, पाणी लागलेलं नाही. तक्रारी चार:

१) काळा वॉलपेपर लावला की वर डावीकडे एक बारीक हिरवा ठिपका कायम पेटलेला.
२) रात्री ब्राइटनेस अगदी खाली आणला की करड्या रंगावर खालचा भाग किंचित गुलाबी दिसतो. दिवसा काही नाही.
३) चार्जिंगच्या भोकाशेजारी मागचं पॅनेल आणि फ्रेम यांच्यात फट आहे, नख अडकतं.
४) फोन हलवला की कॅमेऱ्याकडून कटकट आवाज येतो.

फोन तसा झकास चालतोय. काहीजण म्हणतात, सर्व्हिस सेंटरला दिला की उघडून आणखी बिघडवून देतील, गप वापर. यातलं काय खरंच नेण्यासारखं आहे? दुसरं, बिल कोल्हापूरच्या मावसभावाच्या नावावर आणि पत्त्यावर आहे. बेळगावात चालेल का?

काळाकाच

चारही एका पारड्यात घालू नका. तुम्ही चौथ्या नंबरला लिहिलेला आवाज हा बहुधा दोषच नाही, आणि तिसऱ्या नंबरची फट सगळ्यात महत्त्वाची आहे.

कटकट: मुख्य कॅमेऱ्याला ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर भिंग बारीक तारांवर किंवा छर्‍यांवर तरंगतं ठेवलेलं असतं आणि चुंबक-कॉइल त्याला जागेवर धरतात. कॅमेरा बंद असताना कॉइलमध्ये करंट नसतो, म्हणून भिंग सैल हलतं आणि भिंतीला आपटतं. तपासणी सोपी आहे. कॅमेरा अ‍ॅप उघडा, एक पट झूम ठेवा, मग हलवा. आवाज थांबला तर सगळं ठीक. कॅमेरा चालू असतानाही वाजत असेल, किंवा व्हिडिओ थरथरत असेल, फोकस सारखा पुढेमागे होत असेल, तर मात्र तक्रार करा. स्टॅबिलायझेशन नसलेल्या फोनमध्ये असाच आवाज व्हॉल्यूमच्या बटणांचाही येतो, बटणावर बोट दाबून धरून हलवून बघा.

हिरवा ठिपका: हा मेलेला पिक्सेल नव्हे, अडकलेला उपपिक्सेल, म्हणजे पिक्सेलमधला एका रंगाचा बिंदू. त्याचा ट्रान्झिस्टर बंदच होत नाही. मेलेला पांढऱ्यावर काळा दिसतो, अडकलेला काळ्यावर पेटलेला दिसतो आणि डोळ्याला जास्त खुपतो. आधी काच मायक्रोफायबरने पुसा, टेम्पर्ड ग्लासखाली अडकलेली धूळसुद्धा रंगीत ठिपक्यासारखी चमकते. मग अंधाऱ्या खोलीत काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा अशी एकेरंगी चित्रं पूर्ण स्क्रीनवर लावून बघा. सॅमसंगमध्ये *#०*# डायल केलं की चाचणीचा मेनू येतो, शाओमीत *#*#६४८४#*#*. किती पिक्सेल गेले म्हणजे पॅनेल सदोष, याची मर्यादा कंपन्या आपापली ठेवतात, आणि एका ठिपक्यावर वॉरंटीत पॅनेल बदलून मिळेलच असं नाही. रंग भराभर बदलून पिक्सेल ‘जागा’ करणारे व्हिडिओ तासन्‌तास लावू नका. एलसीडीवर क्वचित गुण येतो, अ‍ॅमोलेडवर, जिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो, नुसती स्क्रीन झिजते. बोटाने दाबून चोळणं तर अजिबात नको.

गुलाबी छटा: ब्राइटनेस फार कमी असताना प्रत्येक पिक्सेलला अगदी थोडा करंट जातो, आणि ट्रान्झिस्टरमधले बारीक फरक तेवढ्यात उघडे पडतात. कारखान्यात हे दुरुस्त करतात, पण पूर्ण जात नाही. बदलून आलेलं पॅनेल याहून वाईट निघू शकतं. ५० टक्के ब्राइटनेसला दिसत नसेल तर सोडून द्या. उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ उमटली, तर मात्र त्याच दिवशी न्या. एक आली की दुसरी यायला फार वेळ लागत नाही.

फट: साध्या ८० जीएसएम झेरॉक्सच्या कागदाची पट्टी घ्या, जाडी साधारण ०.१ मिमी असते. ती फटीत सरकली तर डिंक नीट बसलेला नाही. फोन सपाट काचेवर पालथा आणि उताणा ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला किंवा पाठ फुगीर वाटली तर बॅटरी फुगल्याचा संशय घ्यायचा. मग तो चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, आणि कुरिअरने न पाठवता हातानं न्या. पाच दिवसांच्या फोनला बहुधा डिंकाचाच प्रश्न असतो, पण खात्री करून घ्या. आणि एक: फेविक्विक लावू नका. त्याची वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर आतून पांढरा थर धरते, आणि वॉरंटी त्या क्षणी संपते.

घाटाखालचा

फटीबद्दल पूर्ण सहमत. जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथं फोनला फट म्हणजे काय ते समजून घ्या. फटीतून वाफ आत जाते, रात्री गार झाली की कॅमेऱ्याच्या काचेवर दव धरतं.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. सिम ट्रे काढून टॉर्चनं आत बघितलं तर बऱ्याच फोनमध्ये पांढरी टिकली दिसते. पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. नुसत्या दमट हवेनं व्हायची नसते. आज पांढरी आहे तोवर फोटो काढून ठेवा. सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा तीच बघतंय, आणि लाल दिसली की बाकी काही ऐकून घेत नाहीत.

ठिपक्याबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. बदलून नवा बंद डबा मिळत असेल तर बिनधास्त मागा. पण सर्व्हिस सेंटरात नुसतं पॅनेल बदलणार असतील तर एका ठिपक्यासाठी फोन उघडू देऊ नका. कारखान्यातलं सील गरम करून सोडवतात, नवी चिकटपट्टी लावतात. पट्टी नीट बसली का, हे हवेच्या दाबाच्या यंत्रावर तपासायला हवं, ते सगळीकडं होत नाही. आयपी६८ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेला फोन नंतर नुसता कागदावर आयपी६८. पाण्यानं बिघडला तर वॉरंटीत तसंही बसत नाही.

काउंटरपलीकडे

बिलाचं आधी सांगतो. भारतात विकलेल्या फोनची वॉरंटी देशभर चालते. कोल्हापूरचं बिल बेळगावात चालतं, बेळगावचं कोल्हापुरात. नावापेक्षा बिलावरची तारीख आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, महत्त्वाचा. *#०६# दाबून आलेला नंबर, डब्यावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवा. दुबईहून आणलेल्या फोनची गोष्ट वेगळी, त्याला इथली वॉरंटी मिळेल हे धरून चालू नका.

निपाणी, चिक्कोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, बेळगाव ७५. पण फोन जिथं दिला तिथूनच घ्यावा लागतो, म्हणजे दोन खेपा. शिवाय काही ठिकाणी नुसतं कलेक्शन सेंटर असतं, फोन पुढं दुसऱ्या शहरात जातो. देण्याआधीच विचारा, ‘दुरुस्ती इथंच होते की पुढं पाठवता?’ पुढं जाणार असेल तर आठवडा-दोन आठवडे धरा.

जॉबशीटवर, म्हणजे फोन देताना सेंटर भरतं त्या तक्रारीच्या कागदावर, लोक फसतात. कर्मचारी ‘डिस्प्ले इश्यू’ एवढंच टाइप करतो, तंत्रज्ञ पांढरी स्क्रीन बघतो, ठिपका दिसत नाही, ‘दोष आढळला नाही’ लिहून परत. म्हणून सही करण्याआधी नेमकं लिहून घ्या: ‘काळ्या स्क्रीनवर वर डावीकडे सतत पेटलेला हिरवा ठिपका, मागील पॅनेल आणि फ्रेममध्ये चार्जिंग पोर्टजवळ फट.’ मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, शीटवर इंग्रजीत काय उमटलं ते वाचूनच सही करा. बाह्य स्थितीच्या रकान्यात ओरखडे नाहीत, पाणी नाही, हेही लिहून घ्या. नाहीतर परत घेताना ‘हे आधीचंच होतं’ ऐकायला मिळतं.

ठिपक्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा: तुमची स्क्रीन काळी, ब्राइटनेस पूर्ण, खोली अंधारी, दुसऱ्या फोनवर एक्सपोजर (फोटोतला उजेड) खाली ओढून. एक व्हिडिओही हवा, ज्यात आयएमईआयचा पडदा आणि दोष न थांबता एकामागून एक दिसतील.

टेम्पर्ड ग्लास लावली असेल तर ती पॅनेल बदलताना जाते, भरपाई नाही. मदरबोर्ड बदलला तर आयएमईआय बदलतो. मग नवा नंबर जॉबशीटवर लेखी हवाच, नाहीतर बिल आणि फोन कधीच जुळणार नाहीत.

शहापूरकर

सगळं करून बघितलं. कॅमेरा चालू केला की कटकट थांबते, तो विषय संपला. काचेवर फोन डुगडुगत नाही. कागद मात्र इंचभर लांबीत सरळ आत जातो. टिकली पांढरी आहे. ठिपका फोटोत स्पष्ट आलाय.

विक्रेत्याच्या अ‍ॅपमध्ये ‘बदलून द्या’ दाबलं तर सांगतात, आधी सर्व्हिस सेंटरचा दोषाचा दाखला आणा. उद्या रविवार, सेंटर बंद. परवा मुदत संपते. आता?

ग्राहकपेठ

दाखल्याची वाट बघू नका, विनंती आजच नोंदवा. मुदतीत तुम्ही तक्रार केली हे दिसलं पाहिजे, दाखला मागून जोडता येतो. अ‍ॅपमध्ये नोंदवा, तक्रार क्रमांक आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि तोच मजकूर फोटोंसह ईमेलनेही पाठवा. चॅटमध्ये समोरचा ‘काळजी करू नका’ म्हणाला तर त्याला तेच ईमेलवर लिहायला सांगा. चॅट बंद झाली की सापडत नाही.

कारण लिहिताना क्रम उलटा करा. पहिलं वाक्य फटीचं, दुसरं ठिपक्याचं. गुलाबी छटा लिहूच नका. चार बारीकसारीक तक्रारी एकत्र दिल्या की वाचणारा सगळ्यात कमकुवत तक्रार धरून नकार देतो.

सोमवारी सेंटर उघडताच दाखला घ्या. काउंटरवर स्पष्ट सांगा: ‘दुरुस्ती नको, तपासून दाखला द्या.’ तपासायच्या नावाखाली फोन उघडला तर बदलून मिळण्यात तोच अडथळा होतो.

तरी अडवलं तर विक्रेत्याच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवते, पण एवढ्यावर पुष्कळ प्रकरणं हलतात.

ग्राहक आयोग हा शेवटचा रस्ता. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे कंपनी कुठलीही असो, तुम्हाला बेळगावचा जिल्हा आयोग चालेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. बिल भावाच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीने वापरणारा ग्राहक धरला जातो, त्याचं दोन ओळींचं संमतिपत्र जवळ ठेवा. पण एका ठिपक्यासाठी आयोगात जाऊ नका. दोष नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखा नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागवला जाऊ शकतो, आणि तारखा तुमच्या पगारी रजा खातात. फटीसाठी मात्र बाजू भक्कम आहे, कारण ती कुणालाही दाखवता येते.

घाटाखालचा

समजा बदलून नाहीच दिला, तर फट सर्व्हिस सेंटरात लगेच बसवून घ्या. मागचं पॅनेल काढून नवी चिकटपट्टी, एवढंच काम आहे, स्क्रीनला हात लागत नाही. ठिपका जॉबशीटवर नोंदवून तसाच ठेवा आणि दर महिन्याला काळ्या स्क्रीनवर मोजा. एकाचे तीन झाले तर वॉरंटीच्या अकराव्या महिन्याच्या आत पॅनेल मागा. बाराव्यात गेलात तर ‘पार्ट मागवलाय’ म्हणत तारीख उलटते, म्हणून जॉबशीट मुदतीतली हवी.

काउंटरपलीकडे

देताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. तपासणीपुरता देत असाल तर फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे का बघा. सॅमसंगमध्ये आहे, पिक्सेलमध्ये त्यालाच रिपेअर मोड म्हणतात. तो लावला की तंत्रज्ञाला फोन चालवता येतो, तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. लॉकचा पिन कागदावर लिहून देऊ नका.

बदलून घ्यायचा असेल तर बॅकअप, मग सेटिंगमधून गुगल खातं काढून टाकणं, मग रीसेट, याच क्रमानं. खातं न काढता रिकव्हरीतून (फोन बंद करून बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून) रीसेट केलात तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि पिकअपवाला हात लावत नाही. नव्या फोनवर यूपीआय पुन्हा नोंदवलं की सुरुवातीला रकमेची मर्यादा कमी असते, त्यामुळे त्याच दिवशी कुणाला मोठी रक्कम द्यायची असेल तर आधीच देऊन टाका.

आणि डब्यातली सिम काढायची पिन शोधून ठेवा. डबा, केबल, चार्जर सगळं मोजून घेतात, आणि त्या दोन रुपयांच्या पिनवरून पिकअप परत गेला तर तुमची सोमवारची धावपळ फुकट.