माहे बेटाची अर्धा दिवसाची फेरी : डोंगर आधी करा

सेशेल्सच्या माहे बेटावर अर्ध्याच दिवसात फिरायचं तर आधी किनारे आणि शेवटी डोंगर असा क्रम कुणी सुचवला, तर तो मी उलटा करेन. मोर्न सेशेल्वा हे शिखर ९०५ मीटर उंच आहे, आणि समुद्रावरची दमट हवा त्याला अडून वर चढते. दुपारपर्यंत माथ्यावर ढग बसण्याची शक्यता फार. सकाळ त्यातल्या त्यात मोकळी.

म्हणून राजधानी व्हिक्टोरियातून सकाळी थेट सां सूसीचा घाटरस्ता धरा आणि मिशन लॉजला थांबा. इथे घाई नकोच. पश्चिम किनारा खाली पसरलेला दिसतो हे खरं, पण या जागेचा इतिहास त्याहून मोठा आहे. गुलामगिरीतून सोडवलेल्या मुलांसाठी १८७६ ते १८८९ या काळात इथे मिशनऱ्यांची शाळा होती. तिचे दगडी अवशेष झाडीत अजून आहेत. फोटो काढून लगेच निघणाऱ्यांना ते दिसतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे चहाच्या मळ्यांवरून पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्ट ग्लोला उतरा आणि दक्षिणेकडे वळा. गावं वाटेवरच लागतात.

पोहण्याचं मात्र ऋतू बघून ठरवा. मे ते ऑक्टोबर आग्नेय वारे असतात, तेव्हा दक्षिणेच्या आन्स इंतांदांस किनाऱ्यावर लाटा जबरदस्त येतात. तिथे नुसतं बघावं. सोबत लहान मुलं असतील तर त्या दिवसांत उत्तरेचा बो व्हालों किनारा बरा.