लूव्र एका दिवसात: सासूबाईंचे गुडघे आणि मुलांचा उत्साह, दोन्ही सांभाळून कसं करावं?

नमस्कार मंडळी,

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पॅरिसला चाललोय. मी, नवरा, सासूबाई (वय ७२), मुलगी आठवीत आणि धाकटा दुसरीत. रविवारी रात्री पोचतोय, गुरुवारी सकाळी स्वित्झर्लंडची ट्रेन. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, ऑर्से म्युझियम सोमवारी बंद. सोमवार आयफेल आणि बोटीत जाईल, मंगळवारी ऑर्से. म्हणजे लूव्रच्या वाट्याला बुधवार. त्या दिवशी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं, तेवढाच दिलासा.

आता अडचण. साबा (सासूबाई) सपाटीवर अर्धा तास चालतात, मग बसावंच लागतं. व्हीलचेअरचं नाव काढलं की "मी काय आजारी आहे का?" मुलगी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करतेय, तिला एकेका चित्रासमोर बसून वहीत काढायचंय. धाकट्याला फक्त ममी. नवरा म्हणतो, मोनालिसासोबत फोटो झाला की बाहेर. जानेवारी २०२६ पासून आपल्यासारख्या बिगरयुरोपीय पाहुण्यांना तिकीट ३२ युरो झालंय, तिघा मोठ्यांचे ९६. (१८ वर्षांखालच्यांना फुकट आहे, नशीब.) इतके मोजून फोटो काढून परत यायचं माझ्या जिवावर येतंय.

सकाळी ९ चा स्लॉट घ्यावा की दुपारचा? कुठून सुरुवात करावी, म्हणजे पायपीट कमी होईल? आणि साबा बाहेरचं फारसं खात नाहीत, डबा नेला तर खायचा कुठे? हॉटेल गार द लियाँ स्टेशनजवळ आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

रानजाई

दुपारी ३ च्या सुमाराचा स्लॉट घ्या. सकाळी साबांना आराम, आणि संध्याकाळी ग्रुप टूरवाले पांगले की दालनं जरा मोकळी होतात. मुलांचं तिकीट फुकट असलं तरी त्यांचाही स्लॉट नोंदवा.

सगळं बघायचा हट्ट सोडा. तीन विंग आहेत: सुली, रिशलिय, दनों. मी तुमच्या जागी असते तर सुलीपासून सुरू केलं असतं. तळघरात जुन्या किल्ल्याच्या खंदकाच्या भिंती आहेत, तिथून पुढे तानिसचा मोठा स्फिंक्स, मग इजिप्तची दालनं आणि ममी. धाकटा तिथेच खूश होईल, म्हणजे पुढचे दोन तास तुमचे.

मग रिशलियमध्ये खोर्साबादचे (प्राचीन असिरियातले) पंखवाले बैल. माणसाचं तोंड, चार मीटरच्या आसपास उंची. धाकट्याला त्यांचे पाय मोजायला सांगा. पाच आहेत! समोरून बघाल तर उभा, बाजूने बघाल तर चालतोय, म्हणून शिल्पकाराने एक पाय जास्तीचा दिलाय. तिथला चौक काचेच्या छताखाली आहे, उजेड छान असतो, मुलीला वही उघडायला उत्तम जागा. पेन्सिलीने काढायला परवानगी लागत नाही.

मोनालिसा शेवटी, सातनंतर. चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटर, काचेमागे, समोर मोबाइलांचं जंगल. नवऱ्याला रांगेत सोडा आणि तुम्ही उलट्या दिशेला वळा. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसेचं 'काना येथील विवाह' आहे, जवळजवळ १० मीटर रुंद. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये व्हेनिसहून उचलून आणलेलं. अक्षरशः लग्नाची पंगत: वाढपी, वाजंत्री, टेबलाखाली कुत्री. पांढऱ्या झग्यातला वादक म्हणजे खुद्द चित्रकार, असं मानतात. साबांना हे मोनालिसापेक्षा जास्त आवडेल, लिहून घ्या.

चहाबाज

रानजाईंना अनुमोदन. फक्त व्हीलचेअर घ्याच, प्रवेशद्वाराच्या काचेच्या पिरॅमिडखाली ओळखपत्र ठेवून फुकट मिळते. आमच्या आईही आधी "नको" म्हणाल्या होत्या. त्यांना सांगितलं, सगळ्यांची जॅकेटं आणि पिशव्या ठेवायला गाडी घेतोय. अर्ध्या तासाने पिशव्या आमच्या खांद्यावर आणि आई गाडीत! शिवाय पिरॅमिडमधून खाली नेणारी लिफ्ट गोल आहे, वर छत नाही, जिन्याच्या वेटोळ्यातून सरळ खाली जाते. मुलं त्यावरच खूश.

मेट्रो १ तुम्हाला थेट लूव्रला सोडेल, पण जिने फार. त्यापेक्षा १४ नंबरने पिरामिड स्टेशनला उतरा. त्या लाइनवर सगळीकडे लिफ्ट आहे. तिथून दहाएक मिनिटं चालत, साबांच्या वेगाने पंधरा धरा.

डबा आत जाण्याआधीच संपवा. शेजारी त्युइलरी बाग आहे, हिरव्या लोखंडी खुर्च्या फुकट. काही पाठ टेकून बसायच्या असतात, त्या आधी पटकवा. दशम्या आणि चटणी असेल तर काही लागत नाही.

धागाकर्ती

खूप धन्यवाद दोघांना! जॅकेटांची युक्ती नवऱ्याला शिकवून ठेवते, मी सांगितलं तर साबा ओळखतील. ३ चा स्लॉट आज रात्रीच बघते. एकच शंका राहिली: ऑर्से आदल्याच दिवशी ठेवलंय, तर मुलांना लागोपाठ दोन म्युझियम जड होतील का? की मंगळवारी मुलगी आणि मी दोघीच जावं, बाकीचे तिघे हॉटेलवर?

रानजाई

दोघीच जा. पाचव्या मजल्यावर इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची चित्रं आहेत, तिथून सुरू करून खाली या. व्हॅन गॉगसमोर ती तुम्हाला लवकर हलू देणार नाही, आणि त्या वेळी "ममी कुठे आहे" म्हणणारं कोणी सोबत नको.