पाटीची अक्षरं आणि ब्रँडची अक्षरं: एकच फाँट चालेल का?

अक्षरवेडा:
स्टेशन, विमानतळ, रुग्णालय इथल्या दिशादर्शक पाट्याही संस्थेच्या 'ब्रँड फाँट'मध्येच, म्हणजे तिच्या लोगो-जाहिरातींसाठी ठरलेल्या अक्षरांतच हव्यात, असा आग्रह धरला जातो. माझा त्याला ठाम विरोध आहे. कोका-कोलाची वळणदार अक्षरं आपण वाचत नाही, ओळखतो. बाहेर पडायचा रस्ता मात्र वाचावाच लागतो, तोही घाईत, पावसात, चष्मा नसताना. आद्रियन फ्रुटिगर यांनी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळासाठी रोमन अक्षरं काढली, त्यात 'सी' आणि 'ई'ची तोंडं मोकळी ठेवली. लांबून, तिरकं पाहिलं तरी त्यांचा 'ओ' वाटू नये म्हणून. लोगोत असा विचार करायची गरजच नसते.

तिरपी रेघ:
पटलं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत एडवर्ड जॉन्स्टन यांची अक्षरं १९१६ पासून आहेत. पाट्यांवर तीच, पोस्टरवरही तीच. मग हा ब्रँड की पाटी? भांबावलेल्या प्रवाशाला कुठली सूचना रेल्वेची आणि कुठली दुकानाची, हे त्या अक्षरांवरूनच कळतं.

अक्षरवेडा:
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती अक्षरं करून घेणाऱ्या फ्रँक पिक यांना रेल्वेचा मजकूर जाहिरातींच्या गर्दीत हरवायला नको होता. तिथे पाटीतून ब्रँड घडला. तुम्ही उलटा प्रवास सांगताय.

रात्रपाळी:
दोघंही फाँटच्या नावात अडकलात. अमेरिकेत हायवेच्या पाट्यांसाठी 'क्लिअरव्ह्यू' या फाँटला २००४ मध्ये परवानगी मिळाली, २०१६ मध्ये ती काढून घेतली, २०१८ मध्ये परत दिली. तो वाचायला सोपा वाटण्यामागे जुन्या झिजलेल्या पाट्यांच्या जागी आलेला नवा चकाकता पत्राही होता, असं नंतर लक्षात आलं.
रात्री हेडलाइट पडला की गडद पाटीवरची पांढरी अक्षरं फुगल्यासारखी दिसतात. देवनागरीत तर 'भ' आणि 'म'मधला फरक बराचसा शिरोरेषेतल्या बारीक फटीवर. अक्षर जाड घेतलं की ती फट भरलीच! तेव्हा जाडी, अंतर, आकार यांवर बोला.

तिरपी रेघ:
जाडीचं मान्य. पण 'पाटी म्हणजे निव्वळ उपयुक्तता' हे मान्य नाही. ब्रिटनच्या रस्त्यांसाठी जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांच्या अक्षरांची डेव्हिड किंडर्स्ली यांच्या अक्षरांशी चाचणी झाली. त्यात किंडर्स्लींची किंचित सरस ठरली, तरी निवड पहिल्या जोडीचीच झाली, कारण ती दिसायला चांगली होती. सौंदर्याला सार्वजनिक जागेतही हक्क आहेच.

अक्षरवेडा:
असू दे की! पण दोन्ही अक्षरं आधी चाचणीला बसली, तीही पाटीच्याच अंतरावरून. ब्रँडचा फाँट मंजूर होतो तो बैठकीतल्या स्क्रीनवर. तो पाटीवर लावायचाच असेल तर आधी रात्री खांबावर चढवा, साठीपुढच्या माणसांना लांबून वाचायला सांगा. या कसोटीला उतरला तर माझी काहीच हरकत नाही.